पुढील सूचना मिळेपर्यंत

"ओव्हाळ, ब्रश करता ना?" डॉ. नीरजा आगाशेंनी विचारलं.

रुग्णाच्या तोंडात आरसा, थुंकी ओढणारी नळी आणि स्वतःची दोन बोटं घातल्याशिवाय दातांच्या डॉक्टरांना प्रश्न सुचत नाहीत. सुखदेव ओव्हाळांनी खुर्चीत आडव्या पडल्या जागी शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. डॉक्टरांनी बोटं बाहेर काढली.

"वर करतो. मागं दोन्ही बाजूंनी करतो. दिवसातून दोनदा," ते म्हणाले. "खाली पुढं करत नाही."

"का?"

"आदेश नाही."

"कुणाचा?"

"आपलाच."

ओव्हाळांनी खुर्चीच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक फाइल काढली. तिच्यात डॉक्टरांच्याच दवाखान्यात मिळालेला सूचनांचा कागद होता. त्याला पंचनं भोकं पाडून हिरव्या टॅगमध्ये ओवलेलं होतं. ओव्हाळांनी चष्मा लावला.

"सूचना क्रमांक सहा. शस्त्रक्रियेच्या जागी पुढील सूचना मिळेपर्यंत ब्रश लावू नये." त्यांनी चष्मा काढला. "पुढील सूचना मिळाली नाही."

"टाके काढले त्या दिवशी शर्मिलानं सांगितलं नाही?"

"दोनदा सांगितलं, मॅडम," दारातून शर्मिला म्हणाली. दवाखान्याचं टेबल ती सांभाळत असे आणि भांडणाचा आवाज तिला दोन खोल्यांपलीकडून ऐकू येत असे. "मऊ ब्रश घ्या, आजपासून हळूहळू घासा म्हटलं. हे बरं म्हणाले."

"ऐकलं म्हणून बरं म्हणालो," ओव्हाळ म्हणाले. "पण ते तोंडी होतं."

"अहो, महिना झाला त्याला!"

"एकतीस दिवस."

बावीस वर्षांच्या धंद्यात आळसानं ब्रश न करणारे, भीतीनं न करणारे आणि करतो म्हणून धडधडीत खोटं बोलणारे असे सगळे डॉ. आगाशेंनी पाहिले होते. लेखी आदेशाअभावी दात न घासणारा माणूस मात्र पहिलाच. त्यांनी हातातला आरसा ओव्हाळांपुढे धरला.

"बघा. मंडईत रात्री उरलेले टोमॅटो असतात ना, तशा झाल्यात हिरड्या. महिन्याभराचा मळ साचलाय, त्यानं सुजल्यात. ऑपरेशन मी चांगलं केलं होतं हो. हिरडी उघडली, आतलं किटण खरवडलं, स्वच्छ करून परत शिवली. आता एका जागी ती दातापासून सुटायला लागलीय. परत साफ करून दोन टाके घालावे लागतील. आजच."

"आज बुधवार," ओव्हाळ म्हणाले. "रविवारी मुलीचं लग्न आहे."

"मग? तुम्हाला थोडंच बोहल्यावर उभं राहायचंय?"

"लग्न मला लावायचंय," ओव्हाळ म्हणाले, आणि फाइल छातीशी धरून बसले.

सुखदेव किसन ओव्हाळ एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक टेबलावरून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. आलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर द्यायचा आणि गेलेल्या कागदावर शिक्का मारून नंबर द्यायचा, हे त्यांनी छत्तीस वर्षं केलं. ही झाली पोटाची नोकरी. मनाचं काम वेगळं होतं. ते बौद्धाचार्य होते. बिबवेवाडीपासून अप्परच्या वस्तीपर्यंत आपल्या समाजात कुणाचं लग्न निघालं की ओव्हाळांना बोलावणं यायचं. पांढरा झब्बा-पायजमा घालून ते जायचे, त्रिशरण-पंचशील द्यायचे, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा म्हणवून घ्यायचे, शेवटी मंगलगाथा म्हणायचे. मोबदला म्हणून एक नारळसुद्धा घ्यायचे नाहीत. घरी येऊन लग्नांच्या वहीत नोंद करायची आणि सही ठोकायची, एवढीच त्यांची दक्षिणा. अशी दोनशे सोळा लग्नं झाली होती. दोनशे सतरावं त्यांच्या निकिताचं. ती पाचवीत होती तेव्हाच म्हणाली होती, "पप्पा, माझं पण तुम्हीच लावायचं." ते मात्र त्यांनी तोंडी असूनही मान्य केलं होतं.

कागदाचं हे खूळ त्यांना जन्मतः नव्हतं. त्यांचे वडील किसन ओव्हाळ पेठेतल्या एका छापखान्यात चौदा वर्षं बदली कामगार होते. मालक दर दिवाळीला खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "किसन, पुढच्या दिवाळीला तुला कायम केला समज." माणूस बोलायला गोड होता. चौदाव्या वर्षी छापखाना बंद पडला तेव्हा कायम कामगारांना हिशेब मिळाला आणि किसनला खांद्यावरचा हात मिळाला. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे कागद छापले, त्याच्या स्वतःच्या नावाचा एक चिटोरा त्या इमारतीत निघाला नाही. सुखदेव तेव्हा आठवीत होते. आपल्यासारख्याला बोललेला शब्द वाचवत नाही, लिहिलेला वाचवतो, ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी मनाशी पक्की केली. तिच्यात चूक काढावी असं काही नव्हतं.

नोकरीत लागल्यावर कुठलाही साहेब काही म्हणाला की ओव्हाळ उभे राहून, अगदी नम्रपणे म्हणायचे, "साहेब, तेवढं कागदावर मिळालं तर." यामुळे तीन साहेब त्यांच्यावर चिडले, दोन साहेब अडकता अडकता वाचले, आणि ओव्हाळांना स्वतःला छत्तीस वर्षांत एक मेमो मिळाला नाही. पुढे ही सवय घरी आली. राधाबाईंनी "साखर संपलीय" म्हटलं तर साखर यायची नाही. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं की अर्ध्या तासात यायची. निकिताला मागणी घालायला बुद्धभूषण नावाचा, धायरीत राहणारा सॉफ्टवेअरवाला मुलगा आला, तेव्हा ओव्हाळांनी त्याला चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि म्हटलं, "विचार चांगला आहे. तेवढं कागदावर मिळालं तर." पोरगा पाण्यात पडला तरी पोहून निघणारा होता. त्यानं त्याच रात्री ईमेल पाठवली. विषय: निकिताशी विवाह करण्याबाबत विनंती. ओव्हाळांनी तिची प्रिंट काढून आणली, तिच्यावर घरच्या शिक्क्यानं 'आवक' मारलं आणि आठव्या दिवशी मंजुरी कळवली.

तर अशा माणसाला डॉक्टरांच्या छापील कागदावर 'पुढील सूचना मिळेपर्यंत' असं आढळलं होतं. घरात सगळ्यांनी सांगून पाहिलं. "अहो, घासा की आता तेवढा भाग. वास यायला लागला," राधाबाई म्हणाल्या. "पप्पा, इट्स कॉमन सेन्स! टाके निघाले म्हणजे ब्रश चालू," निकिता म्हणाली. ओव्हाळांनी दोघींना कागद दाखवला. तोंड धुण्याचं गुलाबी औषधही त्यांनी पंधराव्या दिवशी बंद केलं, कारण कागदावर 'पंधरा दिवस' होतं. परवा पेरू खाताना फोडीला रक्त लागलं. काल प्रतिज्ञेची वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहिली तर तिसऱ्या वाक्याला हिरडी ठणकली आणि रुमाल लाल झाला. तेव्हा कुठे स्वारी टिळक रोडच्या दवाखान्यात आली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाची करणार?

पाऊण तासानं डॉक्टरांनी मास्क उतरवला. ओव्हाळांच्या खालच्या हिरडीवर पुढच्या बाजूला दोन नवे टाके पडले होते आणि त्यावर पुट्टीसारखा गुलाबी लेप थापला होता. खालचा ओठ बधिर होऊन लोंबत होता.

"आता नीट ऐका," डॉक्टर म्हणाल्या.

ओव्हाळांनी हवेत लिहिल्याची खूण केली.

"कागदावर पाहिजे?"

ओव्हाळांनी जोरजोरात मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत बुधवारची पहिली समाधानाची छटा दिसली.

"देते ना. आता काही म्हणजे काही तोंडी ठेवत नाही," असं म्हणून डॉ. आगाशेंनी आपलं लेटरहेड ओढलं आणि दहा मिनिटं खाली मान घालून लिहिलं. शर्मिलानं त्याची झेरॉक्स काढली. ओव्हाळांनी झेरॉक्सवर 'मूळ प्रत मिळाली' असं लिहून सही केली, तारीख घातली, वेळसुद्धा घातली. आयुष्यात इतका नीटनेटका व्यवहार त्यांचा कुठल्या साहेबाशी झाला नव्हता.

स्वारगेटहून बिबवेवाडीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तेव्हा त्यांनी कागद उघडला. अक्षर सुरेख होतं. लेप पुढच्या गुरुवारी काढण्यात येईल, त्याच दिवशी संध्याकाळपासून मऊ ब्रशने घासायला सुरुवात करावी, हीच पुढील सूचना समजावी. छान. औषधाने सकाळ-संध्याकाळ चूळ भरावी, बाटली संपेपर्यंत. छान. आणि मग चौथं कलम आलं. खालचा ओठ ताणला गेल्यास टाके सुटून पुढचे दोन दात जाण्याचा संभव असल्याने, सोमवार सकाळी आठ वाजेपर्यंत मोठ्याने बोलणे, गाणे, भाषण करणे तसेच कोणताही विधी सांगणे पूर्णपणे बंद ठेवावे. पाचव्या कलमात म्हटलं होतं की वरील सूचना माहीत नव्हत्या ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

ओव्हाळांनी चौथं कलम परत वाचलं. 'पूर्णपणे' या शब्दाखाली डॉक्टरांनी रेघ मारली होती. त्यांचा स्टॉप आला आणि गेला. पुढच्या स्टॉपला उतरून ते उन्हातून मागे चालत आले.

घरी निकितानं कागद वाचला आणि सोफ्यावर बसकण मारली.

"पप्पा, हे तुम्ही मागून घेतलंत?"

ओव्हाळांनी मान खाली घातली.

"ओके, चिल. आपण असं करू, हळू आवाजात म्हणा. माइक अगदी तोंडाशी धरू. कोण बघायला येणारे?"

ओव्हाळांनी टेबलावरचं पॅड ओढलं आणि लिहिलं: *लेखी आहे.*

"अहो पण पोरीचं लग्न आहे!" राधाबाई म्हणाल्या.

त्यांनी 'लेखी आहे'च्या खाली एक रेघ मारली. छत्तीस वर्षं ज्या गोष्टीचा आधार घेऊन ताठ उभं राहिलं, ती आपल्याला नको तेव्हा खोटी मानायची, हे त्या माणसाला जमणारं नव्हतं. त्याला वाईट वाटत नव्हतं असं कुणी समजू नये. ते आत जाऊन पांढऱ्या झब्ब्याची घडी उलगडून बघत बसले होते. झब्बा नवा होता, या रविवारसाठीच शिवलेला.

निकितानं दवाखान्यात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "डॉक्टर, थोडी सवलत नाही का देता येणार? फक्त वीस मिनिटं."

"दात माझे असते तर दिली असती," पलीकडून डॉ. आगाशे म्हणाल्या. "वडिलांना म्हणावं, लेखी अर्ज करा. सोमवारी विचार करू."

मग दुसऱ्या बौद्धाचार्यांचा शोध सुरू झाला. ओव्हाळांनी पॅडवर तीन नावं आणि नंबर लिहून दिले. पहिल्यांकडे रविवारी चार लग्नं होती. दुसरे आळंदी रस्त्याला एका लग्नात आणि तिथून थेट वाघोलीला दुसऱ्या लग्नात होते. तिसरे नातवाच्या बारशाला गावी गेले होते. फोनवर ते म्हणाले, "ओव्हाळसाहेब असताना आम्हाला कुठं विचारता राव?" हे ऐकून ओव्हाळ उठून बाल्कनीत गेले.

"मग मीच वाचते," निकितानं कपाटातली विधीची पुस्तिका काढली. "नवरीनंच विधी केला तर? एकदम हटके."

तिनं पहिलं पान वाचायला घेतलं. पाली उच्चार तिच्या तोंडात कोडिंगच्या भाषेसारखे निघत होते. दुसऱ्याच ओळीला स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता राधाबाईंनी चूक सुधारली. चौथ्या ओळीला परत सुधारली. सहाव्या ओळीला निकितानं पुस्तिका बंद केली आणि ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"मम्मी, तू म्हण बरं पुढचं."

राधाबाईंनी म्हटलं. परातीवर हात चालू होता, तवा तापला होता, आणि त्या थांबल्याशिवाय, अडखळल्याशिवाय म्हणत गेल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं. भाकरी उलटली. मग त्यांनी "आता वराने माझ्या मागून म्हणावे" असं म्हटलं, दोनदा खोकल्या, आणि प्रतिज्ञा सुरू केली.

"मधेच खोकलीस कशाला?"

"तुझे पप्पा खोकतात तिथं. दर लग्नात. मला वाटलं, ते पण त्यातच असतं."

बाल्कनीच्या दारात ओव्हाळ उभे होते. ते किती वेळचे उभे होते, कुणाला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं ही बाई प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेच्या टोकाला, पर्स मांडीवर घेऊन बसत आली होती. ती तिथं जेवणाची वाट बघत बसते अशी त्यांची साधारण समजूत होती. त्यांनी पॅडवर लिहिलं आणि राधाबाईंपुढे धरलं: *तू लाव.*

"मी? काही तरीच!" राधाबाईंनी पीठ झटकलं. "आयुष्यभर ब्लाउज शिवले मी. नववी नापास. माइक हातात आला तर दातखीळ बसेल माझी."

*सगळं पाठ आहे तुझं.*

"पाठ असणं वेगळं आणि चारशे माणसांत उभं राहणं वेगळं. आणि धायरीकर काय म्हणतील? त्यांच्यात ते तात्याराव आहेत, पोराचे चुलत आजोबा. ते बाईला माइक धरू देतील होय?"

ओव्हाळांनी हात जोडले. हे त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं होतं. राधाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, लोंबणाऱ्या ओठाकडे बघितलं, ओठाच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या गुलाबी लेपाकडे बघितलं, आणि त्यांना हसू आवरेना.

"बरं, लावीन," त्या म्हणाल्या. "पण मला असं पॅडवर खरडलेलं चालणार नाही. कागदावर द्या. सही-शिक्क्यासकट."

निकिता टाळी वाजवून किंचाळली. ओव्हाळांनी मात्र यात विनोद काय ते शोधलं नाही. मागणी रास्त होती. त्यांनी कोरा कागद घेतला.

रविवारी बिबवेवाडीतल्या कार्यालयात साडेअकराची वेळ होती आणि सव्वाबारा झाले होते. म्हणजे सगळं वेळेवर चाललं होतं. व्यासपीठावर पांढरं कापड घातलेल्या टेबलावर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर होती, मेणबत्त्या पंख्यापासून सांभाळत लावल्या होत्या. बुद्धभूषण घामाघूम होऊन उभा होता. ओव्हाळ नव्या झब्ब्यात, तोंडावर रुमाल धरून. आणि राधाबाई माइककडे सापाकडे बघावं तशा बघत होत्या.

तात्याराव काठी टेकत पुढे आले. वय ऐंशीच्या पुढे, धायरी गाव असतानाची जमीन आणि धायरी गाव असतानाचा आवाज.

"काय ओ ईवाई, टाइम झाला की. करा सुरू."

ओव्हाळांनी राधाबाईंकडे हात केला.

"म्हंजी?"

"त्यांना बोलायची बंदी आहे, दातांचं ऑपरेशन झालंय," राधाबाई म्हणाल्या. "मी सांगणारे विधी."

"तुमी?" तात्यारावांनी काठी आपटली. "इहीणबाई, आमच्याकडं असं आजपत्तुर झालेलं न्हाय. आज न्हाय आन् उद्या न्हाय. गडीमाणसं मेली काय सगळी?"

पहिल्या दोन रांगा माना उंचावून बघू लागल्या. राधाबाईंचा चेहरा उतरला. त्या माइकपासून एक पाऊल मागे सरल्या. बाबासाहेबांच्या समतेपासून ते तात्यारावांच्या काठीपर्यंत ओव्हाळांना पुष्कळ बोलायचं होतं, पण सोमवार सकाळी आठ अजून लांब होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तो हाच. त्यांनी झब्ब्याच्या खिशातून पाकीट काढलं आणि तात्यारावांच्या हातात दिलं.

तात्यारावांना चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. बुद्धभूषणनं मुंडावळ्या नसल्याचा फायदा घेऊन पुढे होत कागद वाचला.

"प्राधिकारपत्र. जावक क्रमांक एक. आयुष्यमती राधा सुखदेव ओव्हाळ यांना आजच्या मंगल विधीसाठी बौद्धाचार्याचे सर्व अधिकार प्रदान करण्यात येत आहेत. त्यांचा या विधीचा अनुभव एकतीस वर्षे असून त्यांचे पाठांतर निम्नस्वाक्षरीकाराने स्वतः तपासले आहे. त्यात चूक आढळली नाही. निम्नस्वाक्षरीकारापेक्षा त्यांचा आवाज बरा आहे." त्यानं मान वर केली. "खाली सही आहे. शिक्का पण आहे, तात्या."

"बगू." तात्यारावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि अंगठ्यानं शिक्का चाचपला. जमिनीच्या कज्ज्यात त्यांनी तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. "गोल शिक्का हाय," ते शेवटी म्हणाले. "लेखी हाय म्हणल्यावर आमी काय बोलणार? करा सुरू, इहीणबाई. पर लवकर, प्वाटात कावळे वरडायल्यात."

राधाबाई माइकपाशी आल्या. पहिला शब्द कापरा निघाला. दुसऱ्याला पाठीमागचा भोंगा शिट्टी घालू लागला. तिसऱ्या शब्दापासून मात्र त्यांच्या आवाजातून भीती गेली आणि भाकरी थापतानाचा आवाज आला, सरळ आणि न थांबणारा. चारशे माणसं त्यांच्या मागून म्हणू लागली. मागे कोल्ड्रिंक वाटणारेसुद्धा जरा थांबले. ओव्हाळ बाजूला उभे होते. रुमालाआड त्यांचे ओठ हलायला बघत होते, आणि ते हलू नयेत म्हणून त्यांनी रुमाल दाबून धरला होता. आपल्याशिवाय हे होतं, चांगलं होतं, हे बघताना त्यांना वाईट वाटलं आणि त्याच वेळी अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटत असताना चेहऱ्याचं काय करायचं असतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. रुमाल होता ते बरं झालं.

"आता वराने माझ्या मागून म्हणावे," राधाबाई म्हणाल्या, आणि दोनदा खोकल्या.

निकिता हार हातात धरून फिसकन हसली आणि हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी पाच वाजता निकिता गेली. गाडी अप्परच्या चढावर वळेपर्यंत दोघं फाटकात उभी होती. मग घरी आली. घरात फुलांच्या पाकळ्यांची पिशवी, न उघडलेले आहेर आणि निकिताची बाथरूमबाहेरची चप्पल होती. राधाबाईंनी मुगाची मऊ खिचडी टाकली, कारण ओव्हाळांना दुसरं काही चावता येणार नव्हतं.

ओव्हाळांनी लग्नांची वही काढली. अनुक्रमांक दोनशे सतरा. तारीख, वर, वधू, ठिकाण लिहिलं. वधूच्या रकान्यात स्वतःचं नाव बापाच्या जागी लिहिताना ते थांबले, मग पूर्ण केलं. शेवटून दुसरा रकाना 'विधी करणाऱ्याची सही' असा होता. त्यांनी वही फिरवून राधाबाईंपुढे ठेवली आणि पेन दिलं.

"मी कशाला? तुमची वही आहे."

त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. राधाबाईंनी हात पदराला पुसले आणि बँकेत करतात तशी, एकेक अक्षर सुटं काढत सही केली. सही झाल्यावर त्यांनी वहीची पानं मागे चाळली. पान उलटावं तिथं एकच सही होती, सु. कि. ओव्हाळ. दोनशे सोळा वेळा.

"मी पण होते ना यांना," त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती. त्या सहज आठवून बोलल्या होत्या. "हे बघा, या लग्नात मांडव पडला होता. आणि या लग्नात तुम्ही नवरीचं नाव विसरला होतात, मी खालून सांगितलं होतं."

त्या खिचडी बघायला आत गेल्या. ओव्हाळांनी वही पहिल्या पानावर नेली. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता आणि एकतीस वर्षं तो कोराच राहिला होता, कारण शेरा मारावा असं काही घडलंय असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी अनुक्रमांक एकपुढे लिहिलं: *राधा हजर.* दोनपुढे लिहिलं: *राधा हजर.* तीनपुढे लिहिलं. 'वरीलप्रमाणे' असं त्यांना लिहिता आलं असतं. कचेरीत तशीच पद्धत होती. पण ते प्रत्येक ओळीला पूर्ण लिहीत गेले.

राधाबाई ताट घेऊन आल्या आणि मागे उभ्या राहून बघत राहिल्या.

"एकोणीसला नव्हते मी," शेवटी त्या म्हणाल्या. "दवाखान्यात होते. पोरगी झाली होती."

ओव्हाळांचं पेन एकोणिसाव्या ओळीवर थांबलं. खोटी नोंद त्यांनी आयुष्यात केली नव्हती. त्यांनी निकिताच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं, बाथरूमबाहेरच्या चपलेकडे पाहिलं, मग खाली वाकून बारीक अक्षरात लिहिलं: *राधा गैरहजर. कारण, निकिता आली.*

"खिचडी गार होतेय," राधाबाई म्हणाल्या.

त्यांनी मान हलवली आणि विसावी ओळ घेतली.